शाळेत जेवण कंपल्सरी आणि लेकीला सिलिअ‍ॅक, तुम्ही कसं जमवता?

सईचीआई_पुणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेच आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच मदत हवी आहे. लेक सहा वर्षांची, या जूनपासून पहिलीत. मागच्या दिवाळीनंतर सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते. उंची वाढत नव्हती, पोट कायम फुगलेलं, चिडचिड, आयर्नचं सिरप चालू असूनही हिमोग्लोबिन वर येईना. मग डॉक्टरांनी टीटीजी ही सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करायला लावली, ती खूप जास्त आली, नंतर एंडोस्कोपी आणि बायोप्सी. तेव्हापासून घरातून गहूच बाहेर काढलाय, सगळेच ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खातो. पोरगी अक्षरशः बदलली, खेळायला जाते, स्वतःहून भूक लागली म्हणते.

प्रश्न शाळेचा आहे. शाळा दिवसभराची, नाश्ता आणि जेवण दोन्ही शाळेत, घरचा डबा चालत नाही असा नियम (सगळ्या मुलांनी एकच खावं म्हणून, हेतू चांगलाच आहे). मेन्यू बघितला तर सोमवारी पोळी भाजी वरण भात, मंगळवारी पावभाजी, बुधवारी इडली सांबार, गुरुवारी पास्ता, शुक्रवारी पुलाव. नाश्त्याला उपमा, शिरा, शेवया, पोहे. बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, आम्ही तिला पोळी नाही देणार, भात वरण देऊ, तुम्ही काळजी करू नका. मनापासून बोलत होत्या, पण मला रात्री झोप नाही लागली. भात वरण दिलं की झालं का? आणि वाढदिवसाचे केक, १५ ऑगस्टची जिलेबी, या सगळ्याचं काय करता? सासूबाई म्हणतात शाळाच बदला. मला ती शाळा आवडते आणि सईलाही आवडते.

मिरजेची_लेक

सईची आई, तुझ्या हातात हात देऊन बसावंसं वाटलं वाचून. माझा मुलगा आता सहावीत आहे, बालवाडीत असताना निघालं, त्यामुळे यातून पूर्ण गेलोय.

भात वरण दिलं की झालं का, तर नाही. तू एकदा शाळेच्या किचनमध्ये प्रत्यक्ष जाऊन बघ, सकाळी स्वयंपाक चालू असतानाच जा, नंतर धुवून पुसून ठेवलेलं बघून काही कळत नाही. या गोष्टी बघायच्या. वरणाला सांबाराला हिंग कुठला वापरतात? डबीतला हिंग शुद्ध नसतो, बहुतेक ब्रँडमध्ये मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग वेगळा मिळतो, तो विचारून आण. खडा म्हणून मिळतो त्यातही मैदा असू शकतो, सो लेबल बघितल्याशिवाय नाही. मग पास्ता ज्या चाळणीत निथळतात त्याच चाळणीत तांदूळ धुतात का. डाव, झारे एकच आहेत का. वाढणाऱ्या मावशी पोळी उचलून त्याच हाताने भात वाढतात का, हे सगळ्यात जास्त होतं आणि त्यात त्यांची काही चूक नसते, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. इडलीचं पीठ बाहेरून येत असेल तर त्यात रवा आहे का. ग्रेव्हीला दाटपणा यायला कणीक लावतात का. चायनीज दिवस असेल तर सोया सॉसमध्ये गहू असतो.

एकाच मोठ्या किचनमध्ये रोज दीडदोनशे पोळ्या होतात तिथे पीठ हवेत उडतं, ओट्यावर बसतं. म्हणून माझं स्पष्ट मत, जेवण घरूनच. शाळेने नियमाला अपवाद करायलाच हवा, आणि डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर करतात, आमच्याकडे केला.

विसूनाना

मुलीला लवकर बरं वाटो. एक प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. इतकं कणभर पीठ गेल्याने खरंच काही होतं का? आमच्या घरात तीन पिढ्या गहू खातोय, असा आजार कधी ऐकला नाही. थोडं थोडं खात राहिलं की सवय होत नाही का शरीराला?

बालरोग_नाशिक

विसूनाना, शंका अगदी रास्त आहे आणि हीच शंका घराघरात असते म्हणून सविस्तर लिहितो.

ही अ‍ॅलर्जी नाही आणि पचनाची तक्रारही नाही. गहू, सातू म्हणजे बार्ली, आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) यांच्यातलं ग्लुटेन पोटात गेलं की या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक मखमलीसारखे उंचवटे असतात, अन्न तिथून शोषलं जातं, ते झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, फोलेट काहीच नीट शोषलं जात नाही, म्हणून उंची खुंटते, रक्त वाढत नाही. याची सवय होत नाही, उलट नुकसान चालू राहतं, आणि कित्येकदा वरून काही त्रास न दिसता चालू राहतं. ते जास्त वाईट, कारण पोट दुखलं नाही म्हणजे चाललं असं घरच्यांना वाटतं.

कणभर म्हणजे किती? रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यावर आतड्याला इजा झालेली अभ्यासात दिसली आहे. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे स्लाइसचा चाळीसावा तुकडा रोज गेला तरी पुरतो. त्यामुळे आई करते आहे ती काळजी फाजील नाही.

आपल्याकडे ऐकलं नाही हेही खरं आहे. उत्तर भारतात हे प्रमाण साधारण शंभरात एक आहे, दक्षिणेत तपासलं तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. महाराष्ट्रात ज्वारी आणि भात जाऊन पोळी, पाव, बिस्किटं वाढली तशा केसेस जास्त दिसू लागल्या असं मला माझ्या ओपीडीवरून वाटतं.

दोन गोष्टी इतर वाचणाऱ्यांसाठी. कुणाला शंका असेल तर टेस्टच्या आधी गहू बंद करू नका, बंद केला की टीटीजी खाली येते आणि निदान चुकतं. आणि सईची आई, तुमची दोघांची आणि सईला भावंडं असतील तर त्यांचीही टेस्ट करून घ्या, सख्ख्या नात्यात ५ ते १० टक्के जणांना निघतो.

विसूनाना

धन्यवाद डॉक्टर. नातीच्या वर्गात असा एक मुलगा आहे, आता तिच्या वाढदिवसाला काय न्यायचं ते त्याच्या आईला विचारूनच ठरवू.

ज्वारीबाजरी

सगळे शाळेबद्दल बोलतायत पण मी गिरणीबद्दल बोलणार कारण तिथेच गाडी अडते. तुम्ही ज्वारी निवडून धुवून वाळवून गिरणीत नेली, आणि तुमच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळून झालाय, तर तुमच्या पिठात पहिला अर्धा किलो तर नक्की गव्हाचं मिश्रण येणार. गिरणीवाले म्हणतात साफ करून देतो, पण जात्याच्या दगडाच्या फटीत आणि त्या कापडी पिशवीत पीठ राहतंच. आम्ही घरघंटी घेतली, ती फक्त याच धान्यांना. ज्यांना परवडत नाही त्यांनी दोनतीन घरं मिळून घ्या. आणि बाजारचं नाचणीचं नाहीतर ज्वारीचं पीठ घेणार असाल तर पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलं बघा. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नियमाप्रमाणे ते लिहायचं तर किलोला २० मिलीग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. नुसतं ज्वारी पीठ लिहिलंय म्हणून घेऊ नका.

घरात लाकडी पोळपाट लाटणं, परात, पिठाची चाळणी वेगळी हवी. सगळ्यात आधी चाळणी बदला, तिच्या जाळीतून पीठ कधीच निघत नाही.

आणि आपले घरचे पदार्थ! मेतकुटात गहू असतो हे किती जणांना माहीत आहे? थालीपिठाच्या भाजणीत असतो. विदर्भातल्या सातूच्या पिठात असतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. आजी प्रेमाने मऊ भात आणि मेतकूट भरवते आणि आपण म्हणतो भातच तर खाल्ला. भाजणी घरी करा, गहू वगळून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे जिरे, कुठे काही कमी लागत नाही.

सईचीआई_पुणे

मेतकूट!! डबा लगेच बाजूला काढला. डॉक्टर, खूप आभार, आमच्या दोघांच्या टेस्ट करतोय.

ज्वारीबाजरी, डब्यात भाकरी दिली तर दुपारपर्यंत कडक होते हो, तिला तुटत नाही, घरून डबा द्यायला मिळाला तरी रोज काय द्यायचं हा प्रश्न आहेच.

ज्वारीबाजरी

उकड काढून करा, फरक बघा. एक वाटी पाण्याला उकळी आणायची, मीठ आणि चमचाभर तेल, गॅस बारीक करून एक वाटी पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच. मग गरम असतानाच पाण्याचा हात लावून खूप मळायचं, अगदी तळहाताच्या टाचेने, गुळगुळीत होईपर्यंत. हे पीठ पोळीसारखं लाटता येतं, पातळ होते, भाजल्यावर तूप लावून फडक्यात गुंडाळून डब्यात. दुपारी घडी घातली तरी मोडत नाही. अर्धी ज्वारी अर्धा तांदूळ घेतलं तर अजून मऊ.

बाकी दिवस घावन, आंबोळी, मुगाचं धिरडं, इडली (तांदळाचीच), नाचणीचे डोसे, साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, तांदळाच्या शेवया नारळाच्या दुधात. उपासाचे पदार्थ म्हणजे आपल्या घरात आधीच असलेलं भांडार आहे, राजगिरा, शिंगाडा, वरई, साबुदाणा, सगळं चालतं, फक्त राजगिऱ्याचं पीठ सुटं घेऊ नका.

गुरुजी_माढा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. इथे सगळे डब्याबद्दल बोलतायत म्हणून आमच्याकडची बाजू लिहितो, कारण गावात हा आजार नाही असं नाही, निदान होत नाही इतकंच.

आमचा शालेय पोषण आहार, आता पीएम पोषण म्हणतात, तो तांदळावर चालतो. पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. खिचडी, पुलाव, मटकीची उसळ भात, वाटाणा भात. पोळी नाहीच. त्यामुळे अशा मुलासाठी आमची खिचडी मोठ्या शाळेच्या मेन्यूपेक्षा सोपी आहे. आमच्या वर्गात एक मुलगी होती. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बसवून सांगितलं, हिंग नको, मसाला पाकिटातला असेल तर आधी वाचून घ्यायचं, वाचणं त्यांना जमत नव्हतं तर मी वाचून बरणीवर लाल ठिपका लावला, लाल ठिपका म्हणजे तिला नाही. ताईंनी ते इतकं मनावर घेतलं की रजेवर जाताना बदली बाईला स्वतः समजावून गेल्या.

अडचण पूरक आहाराची येते, बिस्किटं आली की सगळ्यांच्या हातात बिस्किट. तेव्हा तिला केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की. आणि अंगणवाडीतल्या लहान भावंडांकडे लक्ष ठेवावं लागतं, घरी नेण्याच्या पाकिटांत सुकडी, शिरा अशा गव्हाच्या गोष्टी असू शकतात.

शहरातली महागडी ग्लुटेन फ्री पिठं, ब्रेड बघून गावातली आई घाबरते, हे आपल्याला परवडायचं नाही म्हणते. तिला मी एवढंच सांगितलं की तुमच्या रानात ज्वारी आहे, तीच द्या. त्या घराचा खर्च काडीचा वाढला नाही.

मिरजेची_लेक

गुरुजी, लाल ठिपक्यासाठी साष्टांग.

लेस्टरवासी

इंग्लंडमधून लिहितेय. इकडे रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते इयत्ता दुसरी सगळ्या मुलांना शाळेचं जेवण फुकट असतं, २०१४ पासून. १४ अ‍ॅलर्जन ठरवून दिलेले आहेत, प्रत्येक पदार्थात त्यातलं काय आहे ते केटररला सांगावंच लागतं, आणि ग्लुटेनवाली धान्यं त्यात पहिली. वर २०१४ च्याच कायद्याने आजार असलेल्या मुलांची नीट सोय करणं हे शाळेचं कर्तव्य आहे. आम्ही हॉस्पिटलचं पत्र दिलं, केटररच्या डाएटिशियनने वेगळा मेन्यू पाठवला, मुलाचा फोटो किचनच्या भिंतीवर, ताट वेगळ्या रंगाचं.

पण हे सगळं असूनही मी आधी जाऊन विचारलं की चिप्स कुठल्या तेलात तळता, तर ब्रेडक्रम्ब लावलेले मासे त्याच फ्रायरमध्ये. मग त्यांनी चिप्स ओव्हनमध्ये करायला घेतले. कायदा असला तरी आईबापांनी विचारावं लागतंच, फक्त विचारल्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही एवढं सुख आहे.

न्यूजर्सीचा_काका

अमेरिकेत ५०४ प्लॅन असतो, १९७३ च्या कायद्यातलं कलम ५०४. डॉक्टरांनी सही केलेला कागद दिला की सरकारी योजनेतल्या शाळेने जेवण बदलून द्यायचं, जास्तीचे पैसे न घेता. माझा सल्ला, तुमच्याकडे असा कायदा लागू नसला तरी तसाच एक लेखी कागद स्वतः तयार करा. तोंडी बोललेलं वर्गशिक्षिका बदलली की संपतं.

पेस्ट्रीनको

मी बालवाडीच्या मुलांबरोबर काम करते आणि माझी भाची सिलिअ‍ॅक आहे, त्यामुळे दोन्हीकडचं दिसतं. जेवणाशिवायच्या गोष्टी लिहिते.

पहिलं म्हणजे कणकेचा गोळा. लहान वर्गांत खेळायला मळलेली रंगीत कणीक देतात, विकतच्या प्ले-डोमध्येही गहू असतो. त्वचेला लागून काही होत नाही पण सहा वर्षांचं मूल तेच हात तोंडात घालतं. तांदळाच्या पिठाचा गोळा करून द्या, मीठ, तेल, रंग, थोडं गरम पाणी, सगळ्या वर्गाला तोच द्या, एकटीला वेगळा नको.

वाढदिवस. वर्गशिक्षिकेच्या कपाटात सईच्या नावाचा एक डबा असू दे, त्यात तुम्ही वाचून घेतलेली चॉकलेट्स, राजगिरा लाडू, खोबऱ्याच्या वड्या. केक आला की बाईंनी डबा उघडायचा. तिला स्वतः निवडू दे, हे महत्त्वाचं आहे. डबा भरत राहायची जबाबदारी तुमची, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर आयांना आधीच लिहा, बहुतेक जणी स्वतःहून विचारतात.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची जिलेबी मैद्याची, नाही चालणार. पण संक्रांतीचा तिळगूळ, दहीकाल्याचे पोहे लाह्या, गणपतीचे उकडीचे मोदक, हे सगळं तिचंच आहे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, तिथे फळ द्यावं, कुणी प्रसादाला नाही म्हणू नये म्हटलं तर शांतपणे आजार सांगावा. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत माल्ट म्हणजे बार्ली असते, कॉर्नफ्लेक्समध्येही बऱ्याचदा माल्ट असतं. नावात मका आहे म्हणून फसू नका.

अदिती_१९

मी इथे पेशंट म्हणून लिहिते, पालक नाही. चौथीत असताना निदान झालं, आता कॉलेजला आहे.

मला शाळेत जेवताना वेगळ्या बाकावर बसवायचे. कुणी वाईट नव्हतं, बाईंना भीती होती की कुणाच्या डब्यातलं उडून माझ्या डब्यात पडेल. पण मी रोज खिडकीजवळच्या बाकावर एकटी आणि बाकी सगळ्या घोळक्यात. मी डबा परत आणायला लागले, घरी म्हणायचे भूक नव्हती. आईला वाटायचं तिला भाकरी आवडत नाही. नंतर आईने शाळेत जाऊन सांगितलं की हिला मैत्रिणींमध्येच बसवा, डब्याखाली घालायला एक नॅपकिन पाठवते, त्या नॅपकिनवर फक्त हिचाच डबा राहील, आणि कुणी कुणाला भरवायचं नाही. तेवढं पुरलं.

दुसरं, सईला स्वतःला विचारायला शिकवा. सहा वर्षांची मुलगी हे वाक्य पाठ करू शकते: यात गहू, रवा, मैदा आहे का? मोठ्या माणसांना ग्लुटेन शब्द कळत नाही, रवा मैदा कळतो. आणि उत्तर माहीत नाही असं आलं तर खायचं नाही, नंतर आईला सांगायचं, आई त्याच्याऐवजी काहीतरी देईल. माझी आई नेहमी द्यायची. एकदाही विसरली नाही, म्हणून मी कधी चोरून खाल्लं नाही.

तिने कधी चुकून खाल्लं तर ओरडू नका प्लीज. ओरडलात तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

सईचीआई_पुणे

अदिती, तुझी पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, दोघं रडलो. खूप खूप थँक्स बाळा.

आज किचन बघून आले. मिरजेची लेक, तू सांगितलेलं जसंच्या तसं, हिंगाच्या डबीवर मैदा, आणि चाळणी एकच. केटरिंगवाले दादा चांगले आहेत, म्हणाले मॅडम आम्हाला खरंच माहीत नव्हतं. पण वेगळं शिजवणं जमणार नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मला ते खोट्या आश्वासनापेक्षा बरं वाटलं. आता मुख्याध्यापिकांना घरच्या डब्याची परवानगी मागायची आहे. अर्ज कसा लिहू?

मिरजेची_लेक

आमचा देते, नाव बदलून वापर.

"माझी मुलगी, इयत्ता पहिली, हिला सिलिअ‍ॅक आजार आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. गहू, रवा, मैदा, बार्ली यांचा अंशही तिला चालत नाही आणि यावर पथ्य हाच एकमेव उपचार असून तो जन्मभर आहे. म्हणून विनंती की, तिला नाश्ता व जेवण घरून आणण्याची परवानगी मिळावी. ती वर्गमैत्रिणींसोबतच जेवायला बसेल. वर्गशिक्षिकेकडे तिच्या खाऊचा एक डबा ठेवू द्यावा. शाळेत वाटलं जाणारं खाणं, प्रसाद, प्रयोगासाठी किंवा खेळासाठी वापरलं जाणारं पीठ याची आम्हाला आदल्या दिवशी कल्पना द्यावी. चुकून खाल्लं गेल्यास तिला शिक्षा करू नये, आम्हाला फोन करावा. ही माहिती बदली शिक्षक व मावशी यांनाही द्यावी."

शेवटच्या दोन ओळी गाळू नकोस. आणि पोच घे, कॉपीवर सही शिक्का.

बालरोग_नाशिक

पत्रात डॉक्टरांनी जन्मभर हा शब्द लिहिलेला असू दे. नाहीतर पुढच्या वर्षी शाळा विचारते, अजून बरी नाही झाली का. टीटीजी सुरुवातीला दर सहा महिन्यांनी बघायची, हळूहळू खाली येते. शाळा सुरू झाल्यावर ती पुन्हा चढली तर कुठून तरी गहू जातोय असं समजून शोध घ्या.

सईचीआई_पुणे

परवानगी मिळाली!! मुख्याध्यापिका म्हणाल्या पुढच्या आठवड्यात सगळ्या मावशींना पाच मिनिटं तुम्हीच समजावून सांगा. गुरुजी, लाल ठिपक्याचे स्टिकर घेऊन जातेय.

आता पुढचं, जुलैमध्ये पावसाळी सहल आहे, दिवसभराची, जेवण रिसॉर्टवर. काय देऊ जे दिवसभर टिकेल आणि बाकी मुलांना पण द्यावंसं वाटेल?

ज्वारीबाजरी

दोन डबे. एक तिच्या बॅगेत, एक बाईंकडे, कारण बॅग बसमध्ये राहते आणि मुलं धबधब्यावर असतात. मुख्य डब्यात उकडीच्या भाकरीत बटाट्याची भाजी भरून रोल, दुसऱ्यात केळं, चिक्की आणि कुरमुऱ्याचा चिवडा. चिवडा भरपूर दे, वाटायला. बाहेरचा नको, फरसाणवाल्याकडे त्याच तेलात मैद्याच्या पुऱ्या, शंकरपाळ्या तळतात.

अर्धा किलो कुरमुरे कढईत कोरडे भाजून घे. तेलात शेंगदाणे, डाळवं, सुक्या खोबऱ्याचे काप, कढीपत्ता कुरकुरीत कर, मोहरी जिरं हळद, हिंग वगळ, त्याऐवजी लसूण ठेचून लाल होईपर्यंत तळ. गॅस बंद करून मीठ, पिठीसाखर, तिखट बेताचं, मग कुरमुरे. पावसात सादळतो म्हणून स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नको.